अमेरिकन जावई इंदूरहून बाईकवर महेश्वरला निघालाय – काय काय बघावं?

तुकोगंजचे काका

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी आणि जावई इंदूरला येताहेत. जावई अमेरिकन. तिकडे हार्ले चालवतो, परवाना पक्का आहे, लांबच्या सफरीही करतो. आता त्याच्या डोक्यात महेश्वर आणि जमलं तर मांडू, तेही बाईकवर. मुलगी मागे बसणार. घरात दोन गाड्या आहेत: माझी १९९४ ची बुलेट ३५० आणि मुलाची २०२२ ची क्लासिक ३५०. जावयाची नजर अर्थातच जुन्या बुलेटवर.

हिचं म्हणणं सरळ "नको". मुलीचं म्हणणं, "बाबा, तो तुमच्यापेक्षा चांगला चालवतो." दोघींचंही बरोबर असेल. मला तपशील हवेत. कागद काय लागतात, कुठली गाडी द्यावी, कुठल्या रस्त्याने पाठवावं आणि इथल्या ट्रॅफिकमध्ये बाहेरचा माणूस नेमका कुठे फसतो?

राऊ सर्कल

काका, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीचे त्याच्यावरच अवलंबून आहेत.

गाडी सांभाळण्यात जावईबापू कमी पडणार नाहीत. घोळ होतो अंदाजात. तिकडे वर्षानुवर्षं त्यांचे अंदाज बरोबर आलेत आणि तेच अंदाज इथे उलटे पडतात. नवशिका निदान घाबरून हळू जातो. अनुभवी माणूस आपल्या हक्काच्या रस्त्यावर आपल्या वेगाने जात राहतो, म्हणून त्याची काळजी जास्त.

सगळ्यात घातक गोष्ट डिप्पर. अमेरिकेत समोरच्याने थांबून हेडलाइट लुकलुकवला की त्याचा अर्थ बहुतेक वेळा "या, तुम्ही आधी जा". आपल्याकडे समोरून येणारा ट्रक डिप्पर मारतो तेव्हा तो सांगत असतो, "मी येतोय, मी थांबणार नाही, तू मध्ये येऊ नकोस." उजवीकडे वळायला उभा असलेला पाहुणा हा इशारा आमंत्रण समजून वळला तर सुटकेला जागा नाही. आल्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही तरी हे शिकवा.

दुसरं, ट्रकचा उजवा इंडिकेटर. हायवेवर पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा त्याचे दोन अर्थ होतात: "मी उजवीकडे वळतोय" किंवा "रस्ता मोकळा आहे, उजवीकडून निघून जा." बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पुढे दुभाजकाचा कट, ढाबा, पेट्रोल पंप किंवा फाटा दिसत असेल तर वळणार असंच धरायचं आणि मागे राहायचं. ट्रकने उजवी मार्गिका सोडून डावीकडे सरकायला सुरुवात केली, तरच पुढे जायचं. ड्रायव्हरने हात बाहेर काढून पुढे जा म्हटलं तरी समोर काय आहे ते स्वतः बघायचं.

तिसरं म्हणजे नजर. तिकडे गल्लीतून येणारा थांबतो, तुमच्याकडे बघतो, मग निघतो. इथे गल्लीतून येणारा स्कूटरवाला पुढे बघतो आणि डावीकडून अलगद रस्त्यात मिसळतो. मागून कोण येतंय हे बघणं त्याचं काम नाही, मागच्याने सांभाळून घ्यायचं असा इथला अलिखित करार आहे. म्हणून जो पुढे आहे त्याला तुम्ही दिसलाच नाहीत, असं समजून चालवायचं. हॉर्नही याच करारातला. तिकडे हॉर्न म्हणजे शिवी, इथे ओव्हरटेक करण्याआधी दोनदा हलकासा हॉर्न म्हणजे "मी आलोय". हॉर्न न वाजवता शेजारून सुसाट गेलं तर इथला माणूस दचकून तुमच्याच अंगावर येतो. आणि मागून वाजलेल्या हॉर्नला रागाने वळून बघायचं नाही. तेवढ्या सेकंदात पुढची मॅजिक, म्हणजे प्रवासी नेणारी छोटी व्हॅन, सवारी घ्यायला रस्त्यातच थांबलेली असते.

मग डावं-उजवं. चालत्या गर्दीत बाजू चुकत नाही, कारण पुढचा असतो. चुकते ती रिकाम्या रस्त्यावर: पहाटे निघताना, पेट्रोल भरून बाहेर पडताना, चहाच्या टपरीवरून परत रस्त्याला लागताना, आणि उजवं वळण घेतल्यावर. दचकल्यावरही शरीर जुन्या सवयीने उजवीकडे पळतं, म्हणजे थेट समोरच्याच्या पुढ्यात. टाकीवर डोळ्यासमोर डावीकडचा बाण चिकटवा आणि एकच सूत्र पाठ करून घ्या: दुभाजक किंवा मधली रेघ नेहमी उजव्या हाताला, क्लचचा हात गटाराकडे. सर्कलला गाड्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, म्हणून आत शिरताना आधी उजवीकडे बघायचं. मागे बसलेल्या मुलीने प्रत्येक थांब्यानंतर "डावीकडे" असं मोठ्याने म्हणावं. त्यात कमीपणा काही नाही.

आणि रॉंग साइड. बाजू नीट पाळणारा माणूस अगदी कडेने जातो, आणि नेमका त्याच कडेने समोरून दूधवाला, ट्रॅक्टर, नाहीतर तीन जणांची स्प्लेंडर येते. चारपदरी रस्त्यावर कट लांब असला की गावातला माणूस वळसा घेत नाही, उलटा येतो. त्यामुळे डाव्या मार्गिकेच्या मधोमध, साइडपट्टीपासून दीड-दोन मीटर आत राहायचं. समोरून उलटा आलेला दिसला की वेग कमी, एक हॉर्न, आणि तो कुठल्या बाजूने जातोय हे ठरल्यावर दुसरी बाजू.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर करून दाखवा, इंजिनिअर असतील तर लगेच पटेल. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. कोरड्या चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर थांबायला २० मीटर. अनपेक्षित गोष्ट दिसून हात हलेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे आणखी २५. एकूण ४५ मीटर. ४० च्या वेगात हाच आकडा २६ आणि ८० ला ६९. आता गावातून जाताना म्हैस, पोर किंवा रिक्षा किती अंतरावर समोर येते ते आठवा. वस्तीतून ३०-४०, दुपदरीवर ५०-६०, चारपदरीवर ७०. यापेक्षा जास्त वेगाने महेश्वर अर्धा तास लवकर येईल, बस.

पुढच्या गाडीशी अंतर ठेवलं की त्यात कोणीतरी घुसणारच. घुसू द्यायचं आणि पुन्हा मागे सरायचं. जागेवरून भांडायला लागला की परदेशी माणूस हरतो.

प्लग पॉइंट

जुनी बुलेट द्यायची नाही. यात चर्चा नको.

कारण ऐका. १९९४ च्या कास्ट आयर्न बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. हार्लेवाल्याचा उजवा पाय ब्रेकसाठी तयार झालेला. समोर कुत्रं आलं की तो उजवा पाय दाबणार. ब्रेक लागणार नाही, गिअर वरचा पडणार. आणि गिअर उतरवायला म्हणून डावा पाय दाबला की मागचं चाक जाम. शांतपणे चालवताना हे चार दिवसांत जमतं, पण दचकल्यावर पाय जुन्याच सवयीने हलतो. त्यात पुढे-मागे ड्रम ब्रेक, घाटात दोघांचं वजन घेऊन उतरताना तापून ढिले पडणारे. फोटो काढायला बुलेट ठेवा अंगणात.

क्लासिक ठीक आहे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, त्यामुळे २०२२ च्या गाडीला ते असणारच. पण तुमच्याकडचा प्रकार सिंगल चॅनल की ड्युअल ते बघून घ्या. सिंगल असेल तर फक्त पुढच्या चाकाला एबीएस, मागचं चाक लॉक होऊ शकतं हे त्यांना सांगा. वजन १९५ किलो, हार्लेवाल्याला हलकीच वाटेल.

एक बारीक गोष्ट. हार्लेचे इंडिकेटर बहुतेक गाड्यांवर वळण झालं की आपोआप बंद होतात, आणि डाव्या-उजव्याची बटणं दोन्ही मुठींवर वेगवेगळी असतात. आपल्याकडे डाव्या मुठीवर एकच बटण, सरकवायचं आणि मधोमध दाबून बंद करायचं. पाहुण्यांचा उजवा इंडिकेटर पाच किलोमीटर तसाच लुकलुकत राहतो, आणि मागचा ट्रक "हा वळणार" समजून डावीकडून घुसतो. घरासमोर वीस वेळा लाव-बंद करायला लावा.

निघण्याआधी गॅरेजमध्ये एवढं करून घ्या:

पुढच्या-मागच्या ब्रेक पॅडची जाडी. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला, २०२२ ची गाडी आहे म्हणजे एकदा तरी बदललेलं असलं पाहिजे. टायरवर शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. खाचांच्या आत टीडब्ल्यूआयची, म्हणजे झीज दाखवणारी, छोटी उंची असते, टायर तिथपर्यंत झिजला की संपला. हवा थंड टायरमध्ये, दोघांसाठीची जी वेगळी नोंद पुस्तिकेत असते ती धरून. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर विश्वास नको, स्वतःचं छोटं मीटर घ्या. चेन दोन्ही दातेचक्रांच्या मधोमध वर-खाली २० ते ३० मिमी हलली पाहिजे. जास्त सैल असेल तर घाटात झटके देते, फार घट्ट असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते. क्लच लिव्हरला २-३ मिमी मोकळीक. दोन्ही आरसे. आपली पोरं आरसे काढून ठेवतात, ते परत लावा. डावा आरसा जास्त महत्त्वाचा, कारण स्कूटर डावीकडून येतात.

हेडलाइटची उंची दोन माणसं बसवून तपासा. मागे वजन आलं की प्रकाश झाडांवर जातो.

सोबत: जादा क्लच केबल, ट्यूबचं चाक असेल तर ट्यूब आणि ठिगळाचं सामान. क्लासिकच्या तारांच्या चाकाला ट्यूब असते, मिश्रधातूच्या चाकाला नसते. तुमच्याकडे कुठलं ते बघा. ट्यूब फुटली की हवा एकदम जाते. पाहुण्यांना सांगून ठेवा: मागचं चाक डोलायला लागलं तर ब्रेक न दाबता थ्रॉटल सोडायचं आणि सरळ रेषेत वेग उतरू द्यायचा.

पॉलिसीवाल्या ताई

काका, कागदांचं सांगते, कारण इथे तुमचीही मान अडकते.

जावयांकडे तिकडचा मूळ परवाना हवा आणि त्यावर मोटारसायकलची मान्यता हवी. फक्त कारचा परवाना असेल तर तो बाईकला चालत नाही. सोबत १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातला आंतरराष्ट्रीय परवाना. त्यात 'ए' या वर्गासमोर शिक्का असला पाहिजे, 'बी' म्हणजे कार. तो एक वर्ष चालतो, अमेरिकेतूनच काढून आणावा लागतो आणि मूळ परवान्याशिवाय त्याला काही किंमत नाही. "ऑनलाइन आंतरराष्ट्रीय लायसन्स" म्हणून रंगीत पुस्तिका विकणाऱ्या वेबसाइट असतात, त्यांच्या नादी लागू नका.

हे नसताना गाडी दिलीत तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ खाली चालवणारा आणि कलम १८० खाली मालक, दोघेही सापडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन्हीत पाच हजार दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. क्लासिक मुलाच्या नावावर असेल तर मालक म्हणजे मुलगा, हे त्यालाही कळू द्या. पण खरा धोका दंडाचा नाही. परवाना योग्य नसताना कोणाला लागलं तर विमा कंपनी तिसऱ्या माणसाची भरपाई देते आणि मग मालकाकडून वसूल करते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून ही वाट ठरलेली आहे. त्या रकमेला कमाल मर्यादा नाही.

पॉलिसीत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा. गाडी उसनी घेतलेल्या जावयाला तो मिळत नाही. मागे बसणाऱ्या मुलीसाठी पॅकेज पॉलिसी आहे की नुसती थर्ड पार्टी ते बघा. नुसत्या थर्ड पार्टीत मागच्या प्रवाशाच्या दाव्यावर कंपन्या कोर्टापर्यंत हुज्जत घालतात. नूतनीकरण जवळ आलं असेल तर प्रवाशाचं संरक्षण जोडून घ्या, हप्ता किरकोळ वाढतो.

जावयांच्या प्रवास विम्याला चार प्रश्न लेखी विचारायला सांगा: मोटारसायकल चालवताना झालेला अपघात धरता का, किती सीसीपर्यंत, मागच्या प्रवाशासकट धरता का, आणि परवान्याची अट काय. बऱ्याच पॉलिसींमध्ये दुचाकी वगळलेली असते किंवा सीसीची मर्यादा असते, आणि हे इस्पितळात भरती झाल्यावर कळतं.

भाड्याची बाईक घ्यायचा विचार असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, ती भाड्याने देण्यासाठी नोंदवलेली असते. पांढऱ्या पाटीची, कोणाच्या मित्राची म्हणून भाड्याने दिलेली गाडी विम्याच्या दृष्टीने खाजगी. भाडं घेतल्याचं सिद्ध झालं की दावा फेटाळला जातो.

दारूचं एक. आपल्याकडे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, तिकडे बहुतेक राज्यांत ८०. तिकडच्या सवयीने "एकच बिअर" म्हणून दुपारी घेतली की इथे ती कायद्याबाहेर जाऊ शकते. सोपा नियम: बाईकच्या दिवशी शून्य.

हेल्मेट दोघांनाही, आयएसआय खुणेचं. इंदूरला हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी १ ऑगस्ट २०२५ पासून काढला होता, त्यामुळे पंपावर कोणी अडवलं तर पाहुण्यांना आश्चर्य वाटू नये. जॅकेट, हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट त्यांनी तिकडूनच आणावेत, त्या मापाचे इथे पटकन मिळत नाहीत.

राऊ सर्कल

ताईंच्या यादीला जोडून, अपघात झालाच तर. ११२ किंवा १०८, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, चूक कोणाचीही असो. गर्दी जमते आणि ती मोठ्या गाडीवाल्याला किंवा परक्या माणसाला धरते. जागेवर वाद घालायचा नाही, पैसे काढून मिटवायचं नाही. गर्दी अंगावर येत असेल तर सरळ जवळच्या ठाण्यात जाऊन हजर व्हायचं. मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही असं कायद्यात २०१९ पासून आहे, हे आजूबाजूच्यांना सांगितलं तर लोक पुढे येतात. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीवर ठरवलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत बिनपैशाचा उपचार देण्याची केंद्राची योजना आहे. ही माहिती खिशात असू द्या. मध्य प्रदेश अमेरिकेच्या मुंबई दूतावास कचेरीच्या क्षेत्रात येतो, दिल्लीच्या नाही. तो नंबर मुलीच्या फोनमध्ये साठवा. आणि एवढं लक्षात असू द्या की गुन्हा नोंदला गेला तर परतीचं विमान ठरल्या दिवशी मिळेलच असं नाही.

निमाडी भिया

रस्त्याचं मी सांगतो.

महेश्वरला दोन वाटा. एक आग्रा-मुंबई रस्ता: राऊ, महू फाटा, मानपूर, गुजरी, धामनोद आणि मग महेश्वर. दुसरी महूहून जाम गेट या घाटातल्या जुन्या दरवाजामार्गे मंडलेश्वर, तिथून नर्मदेच्या काठाने महेश्वर. दोन्ही साधारण ९०-१०० किमी.

आग्रा-मुंबई रस्ता रुंद आहे म्हणून तो सोपा असं वाटतं. मानपूरच्या पुढे गणपती घाट लागतो. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना तिथे भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात, आणि निकामी झालेला ट्रक पुढे जो असेल त्याला घेऊन जातो. वर्षानुवर्षं तिथे माणसं गेली, म्हणून उतरणाऱ्या वाहनांसाठी अलीकडे वेगळी वाट काढली आहे. तरीही नियम तोच: उतारावर ट्रकच्या पुढे राहायचं नाही. जळक्या ब्रेकचा वास आला किंवा मागून सतत हॉर्न येत असेल तर कडेला निघून थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. ट्रकच्या पुढे घुसून जागा केली असं वाटतं, पण त्या ट्रककडे थांबायचं साधनच नसतं.

जाम गेटची वाट अरुंद, वळणांची, पण ट्रक कमी. माझं मत याच वाटेला. जानेवारीत सकाळी वर धुकं असतं, सूर्य सातच्या पुढे उगवतो. साडेआठच्या आधी घाटात शिरू नका. उतरताना दुसरा-तिसरा गिअर, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये सोडायचं नाही. वळणावर आतल्या बाजूला बारीक खडी साचते. आंधळ्या वळणाआधी हॉर्न, आणि आपल्या बाजूतही मधल्या रेघेला चिकटू नका, कारण समोरची पिकअप वळण कापूनच येते. रविवारी आणि सुटीच्या दिवशी दरवाजापाशी सेल्फीवाल्यांची झुंबड असते. मंगळवार-बुधवार निवडा.

खाली निमाडात कापसाची वाहनं. मंडीला जाणाऱ्या ट्रॉलीत कापूस दोन्ही बाजूंना हात-दोन हात बाहेर फुगलेला असतो आणि त्याने मागचा लाल दिवा झाकला जातो. ओव्हरटेक करताना ट्रॉलीच्या लाकडी कडेचा अंदाज धरून चालत नाही, फुगवट्याचा धरावा लागतो. नर्मदेच्या काठाच्या रस्त्यावर परिक्रमावासी पहाटे आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेने चालत असतात, पांढऱ्या कपड्यांत, कधी घोंगडीत. त्यांना हॉर्न नको, लांबून वळसा द्या.

जनावरांचा हिशेब त्यांना समजावून सांगा. गाय रस्त्यात उभी असेल तर तिच्या शेपटीकडून जायचं, ती पुढे चालते, मागे सहसा येत नाही. म्हशी मागेपुढे बघत नाहीत, कळप पूर्ण जाऊ द्यायचा. एक बकरी पलीकडे गेली की बाकीच्या तिच्या मागे येणारच, आणि पोरांचंही तेच. कुत्रं अंगावर धावलं तर पाय उचलून लाथ मारायला जायचं नाही, तोल तिथेच जातो. वेग उतरवायचा, कुत्र्याचा अंदाज चुकतो, मग निघून जायचं.

रस्त्यात झाडाची फांदी किंवा ओळीने दगड ठेवलेले दिसले तर पुढे बंद पडलेलं वाहन आहे, तोच आपला धोक्याचा त्रिकोण. गाडी दुरुस्त झाली की ट्रकवाला निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. अंधारात बाईक त्याच दगडांवर जाते. म्हणून पाच वाजता महेश्वर सोडून रात्री इंदूर गाठायचा बेत करूच नका. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, त्याआधी गाडी उभी झाली पाहिजे. महेश्वरला मुक्काम करा, सकाळी घाटावर जा, मग निवांत परत.

इंदूर-खंडवा रस्त्याने ओंकारेश्वर जोडायचा मोह होईल. सिमरोल आणि भेरूघाटचा तो रस्ता चौपदरी करण्याचं मोठं काम तिथे काढलेलं आहे. जिथे काम चालू असतं तिथे वळणरस्ते, माती, उखडलेले पट्टे. दोघांना बाईकवर तो नको, ओंकारेश्वर कारने.

मांडू मात्र वेगळ्या दिवशी, धार-नालछामार्गे. गडावर चढताना जुन्या दरवाजांतून एका वेळी एकच वाहन जातं, आत शिरण्याआधी थांबून हॉर्न आणि समोरचा आवाज ऐकायचा.

प्लग पॉइंट

भिया, जाम गेटला मी थोडा विरोध करतो. नवख्याला, मागे माणूस बसलेला असताना, पहिल्याच सफरीत घाट नको. त्यापेक्षा राऊपर्यंत आणि परत.

निमाडी भिया

घाटात चालवायची सवय त्याला असणार, नाही ती बाजारात चालवायची. ट्रकच्या उतारापेक्षा वळणांचा उतार बरा. पण हे मान्य की आधी मुलीला मागे न बसवता एक दिवस चालवू द्यावं.

राऊ सर्कल

तो एक दिवस असा लावा. तिकडच्या आणि आपल्या घड्याळात हिवाळ्यात साडेदहा ते साडेतेरा तासांचा फरक असतो, म्हणून पहिले तीन दिवस गाडीची किल्लीच द्यायची नाही. त्या दिवसांत कारमध्ये पुढच्या सीटवर बसवून पलासिया, गीता भवन, भंवरकुआंहून फिरवा आणि त्यांना मोठ्याने बोलायला लावा: कोण कुठून येईल, कोण थांबेल, कोण नाही. अंदाज किती वेळा चुकतो ते त्यांचं त्यांनाच कळतं. राजवाडा-सराफ्यात बाईक कधीच नाही, तिथे चालतच जावं. एबी (आग्रा-मुंबई) रोडवर बीआरटीएस, म्हणजे बसची राखीव मार्गिका, काढायचा आदेश झाल्यापासून मार्गिका बदलत गेल्या आहेत, नकाशावाली बाई सांगेल तेच खरं धरू नका.

चौथ्या दिवशी कामाच्या वारी सकाळी सातला सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर. रविवार नको, रविवारी तिथे पोरं गाड्या पळवतात. आधी ३० च्या वेगातून दोन्ही ब्रेक लावून पूर्ण थांबणं, दहा वेळा. मग ५० मधून पाच वेळा, आरशात मागे कोणी नाही बघून. मग टी जंक्शनवर डावं वळण, उजवं वळण, सर्कलचा पूर्ण फेरा, यू-टर्न, प्रत्येक पाच वेळा. उजव्या वळणानंतर ते कुठल्या बाजूला जातात तेवढंच बघा. एकदाही चूक झाली तर पाचव्या दिवशी पुन्हा. तुम्ही किंवा मुलगा दुसऱ्या गाडीवर पुढे राहा, मागे नको. पुढच्याची रेघ पकडून चालवलं की निम्मे निर्णय सोपे होतात. प्रत्यक्ष महेश्वरच्या दिवशीही मुलगा पुढे असला तर उत्तम. आणि शहरातून बाहेर पडताना राऊ सर्कलपर्यंत बाईक मुलाने न्यावी, जावई-मुलगी कारने.

तुकोगंजचे काका

सगळ्यांचे आभार. बुलेटची किल्ली आजच लपवली. आंतरराष्ट्रीय परवान्याचं मुलीला कळवलं, त्यांच्या मूळ परवान्यावर मोटारसायकल आहे म्हणते. एक राहिलं: येणार ते नेमके संक्रांतीच्या आसपास. मांजाचं काय?

पॉलिसीवाल्या ताई

बरं विचारलंत, ते राहूनच गेलं होतं. नायलॉनच्या चिनी मांजावर हरित लवादाने २०१७ पासून देशभर बंदी घातली आहे, तरी दरवर्षी इंदूरला गळे कापल्याच्या बातम्या येतात. १३ ते १५ जानेवारी बाईक बाहेर काढू नका. त्याच्या पुढे-मागे चार-पाच दिवस शहरात वेग ३०, हेल्मेटची काच पूर्ण खाली, जॅकेटची कॉलर बंद आणि गळ्याला जाड पट्टा. ओढणी किंवा पातळ रुमाल पुरत नाही, नायलॉनचा दोरा तो कापत जातो. दोरा गळ्याला लागल्याचं जाणवलं तर हाताने ओढायचा नाही, ब्रेक लावून थांबायचं. ओढला की बोटंही कापतात.

प्लग पॉइंट

गाडीला तारेची कमान लावून घ्या. दोन्ही आरशांच्या दांड्यांच्या नटाखाली पट्ट्या बसवून वर जाड तार कमानीसारखी वाकवतात, कुठलाही वेल्डिंगवाला करून देईल. उंची मात्र चालवणाऱ्याच्या हेल्मेटच्या वरच्या कडेपर्यंत हवी. जावई उंच असतील तर त्यांना बसवूनच माप घ्या. आरशाएवढी बुटकी ठेवली तर दोरा तिच्यावरून घसरून नेमका गळ्याशी येतो. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, तार टाकीला किंवा छातीला लागता कामा नये. संक्रांत उलटली की महेश्वरला निघण्याआधी ती काढून टाका, घाटात तिचा काही उपयोग नाही आणि पडलं तर तीच लागते.